बर्फाखालच्या सात बायका

इर्मा,

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. मृत्यूच्या दाखल्याच्या खिडकीवरच्या माणसाने तुझं नाव तीनदा चुकवलं आणि 'व्यवसाय' या रकान्यात मला न विचारताच 'गृहिणी' लिहून टाकलं. मी म्हटलं, "खोडा ते. चित्रकार लिहा." तो म्हणाला, "बाई, वय बघा ना. या वयात कसला आलाय व्यवसाय?" मी खिडकी सोडली नाही. शेवटी त्याने 'गृहिणी'वर एक रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात 'चित्रकार' लिहिलं. तुझा साधा भात बुडाला लागायचा, आणि तू गृहिणी! असतीस तर हसून हसून खोकला लागला असता तुला.

तेव्हा तुझं जन्मगाव, शिक्षण, कधी आलीस, कशी आलीस, हे सगळं त्या खिडकीवर भरून झालंय. ते इथे नको. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, मला त्याबद्दल बोलायचंय. आणि मराठीत लिहितेय ते बरंच आहे. ज्यांनी हे वाचू नये असं मला वाटतं, ती माणसं जर्मनीत आहेत. त्यांना मराठी येत नाही.

तुला तू म्हणते म्हणून कुणी नाक मुरडेल. माझ्या आईहून तू दहा वर्षांनी मोठी. पण ते तूच ठरवलंस. जोगेश्वरीच्या गुंफेत, पहिल्याच दिवशी. तिथल्या शाळेत चित्रकलेची शिक्षिका म्हणून माझी नुकतीच बदली झाली होती. शाळा सुटल्यावर, घरी जाऊन पोळ्यांना बसण्याआधी अर्धा तास कुठेतरी एकटीने बसावं म्हणून मी पायऱ्या उतरून आत गेले. बाहेर उन्हाचा रखरखाट होता आणि आत पाऊल टाकताच कुणीतरी डोळ्यांवर ओला हात ठेवावा तसं झालं. आधी काहीच दिसेना. मग खांब दिसले, पाण्याने झिजलेले, भिजत उभ्या राहिलेल्या माणसांसारखे. मग एका खांबाला टेकून बसलेली गोरी म्हातारी दिसली. अंगात मांजरपाटाचा ढगळ झगा, पायात कोल्हापुरी, मांडीवर फळी आणि फळीवर जवळजवळ कोराच कागद.

"अहो बाई, काय दिसतं तुम्हाला इथे?" मी विचारलं.

तू मागे वळून पाहिलंस. खरोखर पाहिलंस, नाटक नव्हतं ते. "अहो कोण? इथे तर मी एकटीच."

मग म्हणालीस, "बस. अजून दिसत नाही. थोड्या वेळाने येते."

काय येते ते मी विचारलं नाही. बसले. बाजूच्या चौकातून आलेला उजेड खांबावर हळूहळू चढत होता. आत कुठेतरी देवीपुढची घंटा कुणीतरी वाजवली आणि तिचा आवाज दगडात बराच वेळ फिरत राहिला. उजेड खांबाच्या कमरेपर्यंत आला तेव्हा तू तीन-चार करडे फटकारे मारलेस आणि म्हणालीस, "आली." मी उठले तेव्हा बाहेर दिवे लागले होते. त्या दिवशी पोळ्या माझ्या नवऱ्याने केल्या. त्या कशा झाल्या ते सोड.

तुझं मराठी तू कोळणीकडून आणि तुझ्याकडे भांडी घासणाऱ्या पार्वतीबाईंकडून उचललेलं. म्हणून त्यात 'अहो' नव्हतंच. सोसायटीच्या सेक्रेटरीला तू "ए, तू जरा इकडे ये" म्हणायचीस आणि तो बिचारा यायचा. माझ्या नावाचा 'सु' तुला कधी जमला नाही. तुमच्याकडे त्याचा 'झ' होतो म्हणे. सात वर्षं मी झुनंदा होते. आता मला झुनंदा म्हणणारं कुणी उरलेलं नाही. तू म्हणायचीस, "तुमच्यात पण तीन लिंग, आमच्यात पण तीन, आणि एक पण जुळत नाही!" तुमच्याकडे सूर्य बाई असतो. कितीदा तरी तू दार उघडून म्हणायचीस, "बघ, सूर्य आली." आणि मला खरंच कुणीतरी दारात येऊन उभं राहिल्यासारखं वाटायचं.

पार्ल्याला तुझ्या त्या दोन खोल्या. दुपारी तीनच्या सुमाराला वारा फिरायचा आणि बिस्किटांच्या कारखान्याकडून भाजलेल्या साखरेचा वास यायचा. तो आला की तू ब्रश खाली ठेवायचीस, आरामखुर्चीत पाय पसरायचीस आणि डोळे मिटून बोलायला लागायचीस. झोप आणि जाग यांच्या मधल्या पट्टीत. तुझं सगळं आयुष्य मी त्या पेंगेतून ऐकलं, उलटसुलट, तुकड्यातुकड्याने. एखाद्या दिवशी तू नऊ वर्षांची असायचीस आणि गोठलेल्या नदीवर घसरत जायचीस. दुसऱ्या दिवशी तू बोटीवर असायचीस, नवरा शेजारी ओकत असायचा आणि तू मुंबईचा पहिला किनारा बघत म्हणायचीस, "हे तर सगळे पिवळे!" पिवळा तुझा रंग. तरुणपणी तू माणसांचे चेहरे पिवळे रंगवायचीस, हात हिरवे, रस्ते लाल. तुझी चित्रं मोठ्या शहरातल्या मोठ्या भिंतींवर लागली होती. मग राज्य बदललं आणि तुझी आई ज्यू निघाली.

एक तुकडा मात्र तू एकदाच सांगितलास. सरकारने तुझी आणि तुझ्यासारख्यांची चित्रं भिंतींवरून उतरवली आणि लोकांनी हसावं म्हणून एका हॉलमध्ये वेडीवाकडी टांगली. तिकीट नाही, काही नाही, या आणि हसा. तूही गेलीस. स्वतःच्याच चित्रापुढे गर्दीत उभी राहिलीस. शेजारची एक बाई हसत तुला म्हणाली, "एखाद्या वेडीनेच काढलंय, नाही?" आणि तू म्हणालीस, "हो."

"घाबरलेली मी," तू डोळे न उघडता म्हणालीस. "म्हणून हो म्हणाली."

ती चित्रं पुढे जाळली. तिकडच्यांनी तू जर्मन नाहीस म्हणून हाकललं आणि इथे आलीस तर लढाई लागल्यावर इंग्रजांनी तू जर्मन आहेस म्हणून छावणीत कोंडलं. हे सांगताना तुला नेहमी हसू यायचं. मला कधी आलं नाही. छावणीतून सुटल्यावर तुझा दातांचा डॉक्टर नवरा गेला आणि तू पोटासाठी मिलच्या छापील कापडाची डिझाइनं काढायला लागलीस. वीस वर्षं.

त्या वीस वर्षांचं काय झालं ते आईमुळे कळलं. मी तिला पहिल्यांदा पार्ल्याला आणलं तो दिवस आठव. ती तिचं ठेवणीतलं वायलचं पातळ नेसून आली होती. माझे बाबा मिलमध्ये होते तेव्हा त्यांनी आणलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. तू दार उघडलंस आणि नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ तिचा पदर हातात धरलास.

"हा मी केलेला!"

आई दचकली. तिला वाटलं, तू चोरीचा आळ घेतेयस. "गे बाय, ह्यां माज्या घोवान मिलातसून आणलेला! चोरलेला नाय!"

मी दोघींना समजावेपर्यंत माझी वाट लागली. मग तू तिला खिडकीशी नेऊन त्या कापडावरची करडी-हिरवी पानं दाखवलीस. पानं नव्हतीच ती. मासे होते.

"वीस वर्सां पानांच समाजत होतंय मी," आई म्हणाली. "कसले मासे? बांगडे?"

"नदीचे. मराठी नाव येत नाही."

आईने थोडा विचार केला. "बांगडेच म्हणाया."

त्या दिवसापासून तुम्हा दोघींचं माझ्याशिवाय जमायला लागलं. ती मालवणीत बोलायची, तू तुझ्या त्या मोडक्या मराठीत, मध्येच एखादा जर्मन शब्द, आणि तरी दोघींना सगळं कळायचं. एकदा तू तुझ्या जुन्या मैत्रिणीचं नाव काढलंस. लोटे. आई खो खो हसायला लागली. "लोटे? आमच्यात त्यातसून पाणी पितत!" तूही हसलीस. हसता हसता डोळे पुसायला लागलीस आणि पुसतच राहिलीस. आई उठली, आणि काही न विचारता तुझ्या स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. मीही तेव्हा विचारलं नाही.

आणि माझ्यासाठी काय केलंस? एकच दिवस सांगते. मी तुला शाळेत बोलावलं होतं. सहावीचा वर्ग ड्रॉइंगच्या परीक्षेची तयारी करत होता, स्मरणचित्र चाललं होतं. पन्नास मुलांनी पन्नास कागदांवर तेच काढलं होतं. दोन डोंगर, मधून नदी, काठाला झोपडी, वर उडणारे चार पक्षी. मीच शिकवलेलं. तू एका मुलीजवळ वाकून विचारलंस, "हे तू कधी बघितली?"

"नाय बघितलं, बाई."

"मग आठवली कुठून?"

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. तू तिला म्हणालीस, "जे बघितली ते काढ." तिने नळावरची हंड्यांची रांग काढली. जमिनीवर बसलेल्या पोरीला दिसते तशी, हंडे माणसांएवढे, माणसं मागे बारकी. अकरा वर्षं मी मुलांना न पाहिलेले डोंगर आठवायला लावत होते, हे मला त्या कागदाने सांगितलं. हेडमास्तर पुढे ओरडले, मुलांचे मार्क गेले म्हणून. ओरडू देत. त्या दिवसापासून मी शिक्षिका झाले, असं मी आजही मानते. हे तुला सांगायचं राहिलं.

आता भांडणाकडे येते.

तुझ्या एका चित्राचं तू मला पुष्कळदा वर्णन केलं होतंस. नदीवर कपडे धुणाऱ्या सात बायका. सहाजणींचे चेहरे पिवळे आणि सातवी पाठमोरी. ती तुझी आई. तिने तोंड काढू दिलं नाही म्हणून पाठमोरी. तुझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच, असं तू म्हणायचीस. ते कुठे आहे विचारलं की हात उडवायचीस, "गेली."

मग ते पत्र आलं. जर्मनीतल्या कुठल्याशा म्युझियमचं. तू वाचलंस आणि त्याला ब्रश पुसलास. मी ते टोपलीतून उचललं. खाली इंग्रजीतही मजकूर होता. एका शेतावरच्या घरात त्यांना एक जुनं चित्र मिळालं होतं, बर्फाने झाकलेलं शेत आणि दोन सफरचंदाची झाडं, कुणी काढलं माहीत नाही. त्याचा एक्स-रे काढला तर बर्फाखाली दुसरं चित्र दिसलं, बायकांचं. जुन्या याद्यांवरून त्यांना वाटत होतं की ते तुझं असावं. तुझं त्या काळातलं एकही चित्र उरलेलं नसल्यामुळे त्याचं मोल फार. तू फक्त ओळखायचं होतंस. मग वरचा थर काढून ते मोकळं करणार, प्रदर्शन भरवणार, तुला बोलावणार.

मी वेडी झाले आनंदाने. तू म्हणालीस, "नको." का, तर उत्तर नाही. सहा महिने मी तुझ्यामागे लागले होते. शेवटी तुझ्या पाठीमागे शाळेच्या क्लार्ककडून टाइप करून घेऊन म्युझियमला पत्र पाठवलं. 'त्यांची तब्येत प्रवासाची नाही, आपणच यावं.' तुझी माफी मी या गोष्टीसाठी कधी मागितली नाही. तुला कळलं होतं, मला माहीत होतं तुला कळलंय, आणि आपण दोघी ते बाजूला ठेवून चहा पीत राहिलो.

म्युझियमची बाई आली. चाळिशीची, शांत, पांढरा सुरकुतलेला शर्ट, खांद्याला लांब नळकांडं. तिने एक्स-रेची मोठी फिल्म तुझ्या खिडकीच्या काचेवर धरली. बाहेरचं ऊन तिच्यातून आत आलं आणि खोलीभर फिकट निळसर उजेड पसरला. त्या उजेडात त्या उभ्या होत्या, धुरासारख्या. मी मोजल्या. सात. डावीकडून तिसरी पाठमोरी.

तू खुर्चीतून उठलीस. काचेजवळ गेलीस. इतकी जवळ की तुझा श्वास फिल्मवर उमटला. त्या पाठमोरीपाशी तुझं बोट थांबलं, लागलं मात्र नाही. मग तू म्युझियमच्या बाईशी जर्मनमध्ये एक वाक्य बोललीस आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणालीस, "माझं नाही. चहा टाक तिच्यासाठी."

त्या बाईला फाटकापर्यंत सोडायला मी गेले. ती म्हणाली, "हरकत नाही. खालचं कुणाचं हे नक्की नसेल, तर वरचं काढायची परवानगी आम्हाला मिळत नाही. आता बर्फ तसाच राहील." मी ऐकलं आणि मला काही कळलं नाही. डोकं नुसतं तापलं होतं.

"तू खोटं बोललीस," आत येऊन मी म्हटलं.

"हो."

"ते तुझं आहे!"

"हो."

"मग का? पुन्हा घाबरलीस? इथे कोण आहे तुला घाबरवणारं? तेव्हा 'हो' म्हणालीस, आता 'माझं नाही' म्हणालीस. स्वतःचं कधी स्वतःचं म्हणणार आहेस की नाही?"

हे मी बोलले. तुझ्या त्या पेंगेतल्या तुकड्याचा दगड करून तुलाच मारला. तीनचा वारा आला, साखरेचा वास आला, आणि तू खुर्चीत बसून डोळे मिटलेस. मी चप्पल घालून निघाले आणि चार महिने आले नाही.

चार महिने, इर्मा.

आई मात्र जात होती, मला न सांगता. एके दिवशी फणसाची भाजी घेऊन गेली ती संध्याकाळी परत आली आणि खोचलेला पदर न सोडताच माझ्यासमोर बसली.

"तू शिकलंस खरा," ती म्हणाली, "पण तुका समाजला नाय. वरचो बर्फ तिच्या मैत्रिणीन रंगवलेलो. त्या लोट्यान."

मग तिने सांगितलं. तू पळून निघालीस तेव्हा सात बायका लोटेच्या खोलीत राहिल्या. पोलीस घरोघर चित्रं शोधत होते. लोटेने त्या सात बायकांवर बर्फ रंगवला आणि चित्र चुलतभावाच्या शेतावर पाठवून दिलं. टपाल बंद व्हायच्या आधी तिचं एक पत्र तुला मुंबईत मिळालं होतं, 'तुझ्या बायकांना मी बर्फाखाली झोपवलंय. उन्हाळा आला की दोघी मिळून उठवू.' पुढे बॉम्ब पडले. लोटे गेली आणि तिची खोलीभर चित्रं तिच्याबरोबर गेली. तुझंही एकच उरलं, तिचंही एकच, आणि तीही दोन्ही एकाच कापडावर.

"आता त्येंका खालचा व्हया तर वरचा खरवडूक लागात," आई म्हणाली. "माज्या बहिणीची येक चिंधी जरी उरली आसती, तर हात लावूक देतंय काय मी कोणाक?"

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून मी पार्ल्याला आले. तू दार उघडलंस आणि म्हणालीस, "झुनंदा, तू जाड झालीस." बस, एवढंच. मी तोंडात माफीचे शब्द घेऊन आले होते ते गिळले. आजही तिथेच आहेत.

पण मला पटलं नव्हतं. तुला खुर्चीत बसवून मी वाद घातलाच. म्हटलं, खरं सांग त्यांना. दोन्ही नावं सांग. सांग की खरवडू नका, असंच टांगा.

"खपली दिसली की माणूस काढतेच," तू म्हणालीस. "आज नाही, वीस वर्षांनी दुसरी कोणी येणार, ती काढणार."

"मग निदान लोटेचं नाव तरी सांग. ती अशी निनावीच राहणार का?"

"आम्ही दोघी एका खोलीत काम करायची. तिचं नाव सांगितली की माझं कळते." मग तू हसलीस. "तुझी आई वीस वर्षं माझे मासे नेसली. माझं नाव माहीत होतं तिला? मासे होते ना?"

मग मी माझं शेवटचं हत्यार काढलं. "पण लोटेनेच लिहिलंय ना, उन्हाळा आला की उठवू? आला की उन्हाळा! तिचीच इच्छा आहे ती."

"उन्हाळ्यात ती पण असणार होती," तू म्हणालीस.

तिथेच थांबलं आपलं भांडण. त्यानंतर तू पलंगाखालच्या पेटीतून एक वही काढून माझ्या मांडीवर ठेवलीस. कोपरे दुमडलेली, पिवळी पडलेली. सात बायकांची कच्ची रेखाटनं. हात, पिळलेले कपडे, गुडघे, आणि पानभर नुसती तुझ्या आईची पाठ. पेन्सिल इतकी ताजी की वाटलं, तू अजून तिथे नदीवरच बसली आहेस, अठ्ठावीस वर्षांची, आणि त्या बाया तुला 'जा गं, घरी जा' म्हणतायत. तू म्हणालीस, "मी गेली की जाळ." मी म्हटलं, "बघू." मराठीतल्या 'बघू'चा अर्थ तुला चांगला माहीत होता. तू पुढे विचारलं नाहीस.

नंतरचे दिवस सुंदर होते. तुझी चित्रं दिवसेंदिवस फिकट होत चालली होती. गुंफेतला करडा उजेड आणि त्यात आणखी करडं काहीतरी. आईने विचारलं, "ह्यां काय? आभाळ?" तू म्हणालीस, "पाटी पुसली की राहते ते." मी कधीकधी तुझ्याजवळ बसून माझी चित्रं काढायचे, कधी नुसती झोपायचे, चटईवर. जागी झाले की कळायचं नाही, तू बोलत होतीस की मी स्वप्नात ऐकलं. तुझी गोठलेली नदी, आईची मालवणची खाडी, सगळं एकात एक. अशाच एका दुपारी तू खुर्चीतून उठली नाहीस. पार्वतीबाईंना वाटलं, डोळा लागलाय. त्यांनी तासभर आवाज न करता भांडी घासली.

तुझं सगळं आईने केलं. तुझा धर्म कोणता, कुणाला बोलवायचं, असं लोक विचारत होते. आई म्हणाली, "माणूस होता. चला." आणि तुला ते तुझ्या माशांचं, बांगड्यांचं पातळ पांघरलं.

परवा म्युझियमच्या बाईचं पत्र आलं, माझ्या नावाने, तू गेल्याचं मी तारेने कळवलं होतं त्याला उत्तर म्हणून. तुझ्याबद्दल तिने फार चांगलं लिहिलंय. शेवटी विचारलंय की तुझ्या कागदांत त्या चित्राचं एखादं रेखाटन, एखादी नोंद सापडते का. सापडली तर आजही निर्णय बदलता येईल.

इर्मा, मी दोन रात्री झोपले नाही. कारण मला अजूनही वाटतं की तू चुकलीस. तुझ्या सात बायकांना जगाने पाहायला हवं होतं. तुझं नाव त्या दाखल्याखेरीज आणखी कुठेतरी लिहिलेलं मला हवं होतं, मोठ्या अक्षरांत. एक पाकीट टपालात टाकलं की ते होणार होतं. आणि तू आता 'नको' म्हणायला नव्हतीस.

आज सकाळी शाळेत जाण्याआधी मी उत्तर लिहिलं. माझ्या साध्या, मास्तरणीच्या इंग्रजीत. 'मी त्यांचं काम सात वर्षं जवळून पाहिलं आहे. ते चित्र त्यांचं नाही. त्यांच्या कागदांत असं काहीही नाही.' लिहिताना वही माझ्या मांडीवर होती. कागदाला टेकू म्हणून तिचाच आधार घेतला होता. सही केली.

वही जाळणार नाही मात्र. तेवढं तुझं ऐकणार नाही, सांगून ठेवते. ती माझ्या कपाटात राहील. मग माझ्या मुलीच्या. तिला काय सांगायचं ते अजून ठरवलेलं नाही.

पार्ल्याच्या पोस्टाबाहेरच्या पेटीत पाकीट टाकलं. ते आत पडल्याचा आवाज ऐकला आणि मग तिथेच, पेटीला धरून, मला रडू फुटलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा. फुलपुड्या घेऊन बसलेली एक बाई उठून आली, मला पायरीवर बसवलं, पाणी दिलं.

"काय झालं गं? घरातलं कोण गेलं?"

इतकी वर्षं मला कुणी विचारलं की मी तुला माझी गुरू म्हणायचे, पार्ल्याची जर्मन बाई म्हणायचे, आईच्या ओळखीची म्हणायचे. तुझ्यासमोर तर काहीच म्हटलं नाही. तो शब्द लोटेचा आहे असं वाटायचं, मागायची हिंमत झाली नाही.

मी त्या बाईला सांगितलं, "माझी मैत्रीण गेली."